परीक्षेकडून प्रवेशाकडे : परदेशशिक्षित दंतवैद्यांच्या मान्यतेचा इतिहास

परदेशात वैद्यकीय पदवी मिळवलेला डॉक्टर अमेरिकेत गेला, तर त्याला पुन्हा वैद्यकीय महाविद्यालयाच्या वर्गात बसावे लागत नाही. ठरावीक परीक्षा उत्तीर्ण होऊन तो एखाद्या रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून रुजू होतो, त्या काळात त्याला वेतन मिळते, आणि निवासी प्रशिक्षण पुरे झाले की राज्याचा परवाना मागण्यास तो पात्र ठरतो. दंतवैद्याची वाट निराळी आहे. बीडीएस होऊन, इंटर्नशिप करून, प्रसंगी दहा-पंधरा वर्षे स्वतःचा दवाखाना चालवून तिथे गेलेल्या दंतवैद्यालाही बहुतेक राज्यांत परवान्यासाठी अमेरिकेतील अधिस्वीकृत, म्हणजे तेथील अधिकृत मंडळाने तपासून मान्य केलेल्या, दंतमहाविद्यालयात प्रवेश घ्यावा लागतो आणि साधारण दोन ते तीन वर्षे पुन्हा विद्यार्थी म्हणून काढावी लागतात. आधीचे शिक्षण जमेस धरून वरच्या वर्गात दिलेल्या या प्रवेशाला ‘ॲडव्हान्स्ड स्टँडिंग’ असे नाव आहे. ही व्यवस्था आज इतकी रुळली आहे की ती आरंभापासून अशीच असावी असे वाटते. वास्तविक दीडशे वर्षांत परदेशी दंतवैद्याची पारख कधी पदविकेवरून, कधी परीक्षेवरून, कधी दोन देशांमधील करारावरून होत आली, आणि महाविद्यालयातील जागा हा तिचा मुख्य आधार झाला तो बराच उशिरा. या बदलामुळे मूळचा कौशल्याचा प्रश्न प्रवेशाचा झाला आणि प्रवेशाचा प्रश्न शुल्काचा झाला.

डॉक्टर आणि दंतवैद्य यांच्या वाटा फुटल्या त्या १८४० मध्ये. त्या वर्षी अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या विधिमंडळाने होरेस हेडन आणि चेपिन हॅरिस यांच्या पुढाकाराने निघालेल्या बाल्टिमोर येथील दंतशल्य महाविद्यालयाला सनद दिली. केवळ दंतविद्या शिकवणारे जगातील हे पहिले महाविद्यालय होय. दुसऱ्या वर्षी तेथून दोनच विद्यार्थी बाहेर पडले, परंतु त्यांना मिळालेली ‘डॉक्टर ऑफ डेंटल सर्जरी’ ही पदवी, म्हणजेच डीडीएस, पुढे जगभर पसरली. दंतविद्येने वैद्यकापासून वेगळे घर केल्यामुळे तिला स्वतःची प्रतिष्ठा मिळाली, पण त्याचबरोबर रुग्णालयाशी असलेले तिचे नाते सैल झाले. दंतवैद्य पदवी घेतो आणि थेट दवाखाना उघडतो. रुग्णालयातील निवासी प्रशिक्षण न्यूयॉर्कसारख्या राज्यांचा अपवाद सोडला तर सक्तीचे नाही. परदेशी डॉक्टरला सामावून घेणारी जी मधली पायरी वैद्यकात आहे, ती दंतवैद्यकात घडलीच नाही, आणि म्हणून परदेशी दंतवैद्याला पारखायचे कुठे, या प्रश्नाला महाविद्यालयाखेरीज दुसरे तयार उत्तर उरले नाही.

एकोणिसाव्या शतकात मात्र प्रवाहाची दिशा आजच्या नेमकी उलट होती. परदेशशिक्षित दंतवैद्य म्हणजे बहुधा युरोपात व्यवसाय करणारा अमेरिकन असे. टॉमस इव्हान्स हा अमेरिकन दंतवैद्य पॅरिसमध्ये तिसऱ्या नेपोलियनचा दंतवैद्य होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकलेला विलोबी मिलर १८८४ मध्ये बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक झाला, आणि तोंडातील जिवाणू अन्नकणांपासून जे आम्ल तयार करतात त्यामुळे दात किडतात, हा सिद्धान्त त्याने तिथेच मांडला. ‘अमेरिकन डेंटिस्ट’ ही पाटी युरोपातील शहरांत गुणवत्तेची ग्वाही मानली जात होती. जिथे एखाद्या पदवीला भाव येतो तिथे तिची खोटी नाणीही निघतात, आणि तसेच झाले. शिक्षण न देता पैसे घेऊन डीडीएसची पदविका टपालाने पाठवणाऱ्या संस्था अमेरिकेत उभ्या राहिल्या आणि त्यांचे एक मोठे गिऱ्हाईक जर्मनीत होते. त्यामुळे अस्सल अमेरिकन पदवीधरांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले.

ब्रिटनने या गोंधळावर काढलेला उपाय लक्षात घेण्याजोगा आहे. १८७८ च्या दंतवैद्य कायद्याने तेथे नोंदवही सुरू झाली, आणि परदेशी पदवीधरांसाठी तिच्यात वेगळा विभाग ठेवण्यात आला. अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांपैकी फक्त हार्वर्ड आणि मिशिगन या दोन विद्यापीठांच्या पदव्या या विभागासाठी मान्य झाल्या, आणि शतक संपण्यापूर्वी तीही मान्यता काढून घेण्यात आली. हार्वर्डने १८६७ मध्ये आपली दंतशाळा विद्यापीठाच्या छत्राखाली उघडली होती. मिशिगनची शाळाही विद्यापीठाचीच होती. यावरून मान्यता देणाऱ्यांची विचारपद्धती स्पष्ट होते. समोर उभ्या असलेल्या माणसाचा हात कसा चालतो हे पाहण्यापेक्षा त्याच्या कागदावर कोणत्या संस्थेची मोहोर आहे हे पाहणे त्यांना सोयीचे वाटले. संस्थेवरून माणूस ओळखण्याची ही रीत पुढे अमेरिकेने उचलली, आणि ती अधिक काटेकोर केली.

अमेरिकेत हा काटेकोरपणा आला तो विल्यम गीज यांच्या अहवालानंतर. कोलंबिया विद्यापीठातील हे जीवरसायनशास्त्रज्ञ कार्नेगी प्रतिष्ठानासाठी अमेरिका आणि कॅनडातील दंतशिक्षणाची पाहणी करत होते, आणि १९२६ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. नफ्यासाठी चालवलेल्या खासगी दंतशाळा बंद व्हाव्यात, दंतविद्या विद्यापीठात शिकवली जावी आणि प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याने महाविद्यालयीन शिक्षण घेतलेले असावे, हा त्यांचा आग्रह होता. तो बऱ्याच अंशी मान्य झाला. दंतशाळांचा दर्जा निःसंशय वाढला. गीज यांचे ऋण या व्यवसायाने मानावे इतके ते काम मोठे आहे. परंतु दर्जा वाढताना जागा मोजक्या झाल्या, आणि जागा मोजक्या झाल्या की त्या कोणाला द्यायच्या हा प्रश्न सामाजिक होतो. १९४० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकन दंतवैद्यक संघटनेच्या शिक्षण परिषदेच्या सचिवांनी न्यूयॉर्कमधील दंतशाळांत एका विशिष्ट समाजाचे विद्यार्थी फार झाल्याची तक्रार अहवालात नोंदवली. रोख ज्यू विद्यार्थ्यांवर होता. गदारोळ झाल्यावर संघटनेला त्या भूमिकेपासून दूर व्हावे लागले. अटलांटातील एमोरी विद्यापीठाच्या दंतशाळेत १९४८ ते १९६१ या काळात ज्यू विद्यार्थ्यांना नापास करून बाहेर काढले जात होते, आणि विद्यापीठाने त्याबद्दल जाहीर क्षमायाचना केली ती २०१२ मध्ये. प्रवेशाचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या हाती व्यवसायाचे दारही असते, ही गोष्ट देशातील नागरिकांच्या बाबतीतही जिथे इतकी खरी होती, तिथे परक्यांची स्थिती काय झाली असेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. नाझी राजवटीतून निसटून आलेल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन दंतवैद्यांना अनेक राज्यांत नागरिकत्वाची अट आडवी आली, आणि ज्यांना परवाना हवा होता त्यांच्यापैकी कित्येकांना पुन्हा दंतशाळेची पायरी चढावी लागली.

भारतातील परिस्थिती या काळात अगदी वेगळी होती, कारण इथे परदेशात शिकलेला दंतवैद्य हाच शिक्षणसंस्थांचा निर्माता होता. ढाक्याकडील रफिउद्दीन अहमद यांनी १९१५ मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातून दंतवैद्यकाची पदवी घेतली, बॉस्टनमध्ये काही काळ काम केले, आणि १९२० मध्ये कोलकात्यात देशातील पहिले दंतमहाविद्यालय स्थापन केले. त्यासाठी लागणारा पैसा त्यांनी ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचे शीतपेये आणि आइस्क्रीमचे दुकान चालवून उभा केला. मुंबईत १९३३ मध्ये नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय सुरू झाले. १९३९ मध्ये बंगालचा प्रांतिक कायदा आणि १९४८ मध्ये संपूर्ण देशासाठी दंतवैद्य अधिनियम झाला, आणि दुसऱ्याच वर्षी भारतीय दंत परिषद अस्तित्वात आली.

या अधिनियमाने नोंदवहीचे दोन भाग केले. ‘अ’ भागात मान्य पदवीधर, आणि ‘ब’ भागात पदवी नसली तरी कायद्यापूर्वी किमान पाच वर्षे दंतवैद्यकावरच उपजीविका करणारे लोक. ब्रिटनने १९२१ च्या कायद्यात अशीच उदारता दाखवली होती. बाजारपेठेत वा पेठेच्या कोपऱ्यावर दात काढून कवळ्या बसवणाऱ्या कारागिरांना एका दिवसात बेकायदा ठरवण्याऐवजी त्यांची पिढी संपेपर्यंत त्यांना नोंदवहीत जागा देणे, ही भूमिका कायद्याच्या दृष्टीने सैल वाटली तरी माणसांच्या दृष्टीने शहाणपणाची होती. परदेशी पदव्यांच्या बाबतीत मात्र अधिनियमाने परस्परतेचे तत्त्व पुढे केले, म्हणजे जो देश भारतीय पदवी मानेल त्याच्या पदवीच्या मान्यतेसाठी भारतीय परिषदेने वाटाघाटी कराव्यात. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाचा स्वाभिमान त्यात होता. परंतु ज्या अमेरिकेत दंतवैद्यकाचा परवाना केंद्र सरकार देत नाही आणि प्रत्येक राज्याचे मंडळ स्वतंत्रपणे देते, तिच्याशी अशी देवाणघेवाण ठरवायची तरी कोणाशी, हा पेच या तत्त्वाने सुटणारा नव्हता.

अमेरिकेचे दार पुन्हा किलकिले झाले ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने. देशवार कोटे मोडीत निघाले, व्यावसायिकांना प्राधान्य मिळाले, आणि फिलिपिन्स, भारत, कोरिया यांसारख्या देशांतून शिकलेले लोक येऊ लागले. व्हिसा देणारे सरकार आणि परवाना देणारे मंडळ यांचा एकमेकांशी संबंध नसल्यामुळे दंतवैद्य म्हणून देशात घेतलेल्या माणसाला दंतवैद्य म्हणून काम करता येत नाही, असा विचित्र प्रकार उद्भवला. अनेकांनी दंतवैद्याचे सहायक किंवा कवळ्या आणि कॅप तयार करणाऱ्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ म्हणून दिवस काढले. कॅलिफोर्नियाने यावर जो मार्ग काढला तो या संपूर्ण इतिहासातील सर्वांत न्याय्य प्रयोग म्हणावा लागेल. तेथे परदेशी पदवीधराला लेखी परीक्षांबरोबर हातकामाची परीक्षा देता येत होती. कृत्रिम दातांच्या जबड्यावर, ज्याला ‘टायपोडॉन्ट’ म्हणतात, त्याने दात कोरून भरायचा आणि कॅपसाठी दात घासून द्यायचा, आणि काम मापात उतरले तर परवान्याच्या पुढच्या टप्प्याला जायचे. त्याने कुठे शिक्षण घेतले याला या परीक्षेत दुय्यम स्थान होते. उत्तीर्णांचे प्रमाण कमी होते, परीक्षकांच्या निःपक्षपातीपणाविषयी वाद झाले, आणि तयारी करून देणारे खासगी शिकवणीवर्गही निघाले. तरीही हजारो डॉलरचे कर्ज न काढता परवान्यापर्यंत पोहोचण्याची ती वाट होती. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती बंद करण्यात आली. तिच्या जागी परदेशी महाविद्यालयांची प्रत्यक्ष तपासणी करून त्यांना राज्याची मान्यता देण्याची योजना आली, आणि मेक्सिकोतील लिऑन येथील ‘दे ला साये बाहिओ’ विद्यापीठाला ती मिळालीही. पण पुढे कायदा बदलून तीही सवलत राष्ट्रीय अधिस्वीकृतीच्या चौकटीत आणली गेली. व्यक्तीच्या परीक्षेकडून संस्थेच्या मोहोरेकडे जाण्याचा, ब्रिटनने १८७८ मध्ये घालून दिलेला, तोच हा क्रम होता.

परीक्षेची वाट आक्रसत असताना प्रवेशाची वाट रुंदावत होती, आणि हा केवळ योगायोग मानता येत नाही. देशाला दंतवैद्यांची टंचाई भासेल या अंदाजाने १९६३ च्या कायद्यापासून अमेरिकन केंद्र सरकारने दंतशाळांना इमारतींसाठी आणि पुढे विद्यार्थिसंख्येनुसार अनुदान दिले, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या जागा वाढत जाऊन १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्या सुमारे ६,३०० झाल्या. त्यानंतर अनुदान आटले, पाण्यातील फ्लोराइडमुळे दातांची कीड घटली, व्यवसायात गर्दी झाल्याची ओरड सुरू झाली आणि अर्जांचा ओघ ओसरला. दहा वर्षांत प्रवेशाचा आकडा ४,००० च्या आसपास उतरला. ओरल रॉबर्ट्स विद्यापीठाची दंतशाळा १९८६ मध्ये, जॉर्जटाउन आणि फेअरले डिकिन्सन यांच्या १९९० मध्ये, सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाची १९९१ मध्ये, शिकागोतील लोयोलाची १९९३ मध्ये आणि नॉर्थवेस्टर्नची २००१ मध्ये बंद झाली. शंभर-शंभर वर्षांची परंपरा असलेल्या संस्थाही खर्चापुढे टिकल्या नाहीत, कारण दंतशाळेला स्वतःचे चिकित्सालय चालवावे लागते आणि विद्यार्थ्यांकडून उपचार करून घेणाऱ्या रुग्णांकडून मिळणाऱ्या पैशातून त्याचा खर्च निघत नाही. अशा काळात पूर्वशिक्षित, प्रौढ, हाताला सवय असलेला आणि पूर्ण शुल्क भरण्यास तयार असलेला परदेशी दंतवैद्य कोणत्याही अधिष्ठात्याला हवासा वाटणे स्वाभाविक होते. न्यूयॉर्क, बॉस्टन, पेनसिल्व्हेनिया, दक्षिण कॅलिफोर्निया, सॅन फ्रान्सिस्को येथील दंतशाळांचे परदेशी पदवीधरांसाठीचे अभ्यासक्रम यथावकाश स्थिरावले. आज अशा शाळा तीसहून अधिक आहेत.

नेमक्या याच दशकांत महाराष्ट्रात खासगी दंतमहाविद्यालयांची वाढ झाली. १९८० च्या दशकाच्या आरंभी वसंतदादा पाटील यांच्या कारकिर्दीत विनाअनुदानित व्यावसायिक शिक्षणाला परवानगी मिळाली. त्याची सुरुवात अभियांत्रिकीने झाली असली तरी दंतवैद्यक मागे राहिले नाही. देणग्यांच्या गैरप्रकाराला आवर घालण्यासाठी १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन शुल्कबंदीचा कायदा करावा लागला. नाशिक येथे १९९८ मध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर राज्यातील दंतमहाविद्यालये त्याच्याशी जोडली गेली. देशभरात दंतमहाविद्यालयांची संख्या तीनशेच्या पुढे गेली. या वाढीत बीडीएसच्या जागा भरमसाट झाल्या, पण पदव्युत्तर एमडीएसच्या जागा त्यांच्या तुलनेत फार थोड्या राहिल्या, सरकारी दवाखान्यांत दंतवैद्यांची पदे मोजकीच निघाली, आणि शहरांत एकेका रस्त्यावर चार-चार दवाखाने झाले. पुण्या-मुंबईच्या, नागपूर-औरंगाबादच्या तरुण दंतवैद्यांना अमेरिकेची वाट दिसली ती या कोंडीतून. त्यांत विवाहानंतर पतीच्या नोकरीमुळे तिकडे गेलेल्या मुलींची संख्या मोठी आहे, आणि त्यांच्या बाबतीत परवान्याविना गेलेली वर्षे हा आयुष्यातला फार मोठा तोटा असतो.

या वाटेवरचे टप्पे आता पक्के ठरले आहेत. विद्यापीठाकडून गुणांचे सविस्तर विवरण, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, मिल्वॉकी येथील मूल्यांकन संस्थेकडे जाते. ती संस्था प्रत्येक विषयाचे अमेरिकन मापात रूपांतर करते. राष्ट्रीय मंडळाची परीक्षा पूर्वी दोन भागांत होती, २०२० पासून ती एकत्रित स्वरूपात आली. इंग्रजीची टोफेल परीक्षा, शिफारसपत्रे आणि अमेरिकन दवाखान्यातील निरीक्षणाचे तास गोळा करून अर्ज ‘कॅपिड’ या केंद्रीय पद्धतीतून एकाच वेळी अनेक शाळांना पाठवता येतो. निवडक उमेदवारांना मुलाखतीला बोलावले जाते आणि बहुतेक शाळा त्या वेळी ‘बेंच टेस्ट’ घेतात, ज्यात उमेदवाराला टायपोडॉन्टवर कॅपची तयारी, पोकळी कोरणे किंवा मेणातून दाताचा आकार घडवणे यांपैकी काही काम ठरलेल्या वेळात करून दाखवावे लागते. म्हणजे जी हातकामाची परीक्षा कॅलिफोर्नियात परवान्याकडे नेत होती, तशीच परीक्षा आता केवळ प्रवेशाकडे नेते, आणि तीत यशस्वी झालेल्याला पुढे खासगी शाळेत लाख डॉलरच्या बरेच पुढे जाणारे शुल्क भरावे लागते. शाळांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. जगभरातील शेकडो महाविद्यालयांचा दर्जा सारखा नाही, रुग्णाची सुरक्षितता ही खरी बाब आहे, आणि दोन वर्षे प्रत्यक्ष रुग्णांवर देखरेखीखाली काम केलेल्या पदवीधराविषयी जी खात्री देता येते ती दोन दिवसांच्या परीक्षेने देता येत नाही. हे सर्व मान्य केले, तरी पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या आणि काल इंटर्नशिप संपवलेल्या दंतवैद्याला एकाच वर्गात एकाच मुदतीसाठी बसवणारी व्यवस्था कौशल्य मोजते असे म्हणता येत नाही. ती मुदत मोजते.

इतर देशांनी वेगळे पर्याय निवडले. युरोपीय समुदायाने १९७८ च्या निर्देशांनुसार सदस्य देशांच्या पदव्या परस्परांत मान्य केल्या, त्यामुळे तेथे परीक्षाही नको आणि प्रवेशही नको. कॅनडाचा अनुभव अमेरिकेशी ताडून पाहण्यासाठी अधिक उपयोगी आहे, कारण तेथील आणि अमेरिकेतील दंतशाळांची अधिस्वीकृती एकमेकांना दीर्घकाळ मान्य आहे. कॅनडात १९५२ मध्ये संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय दंत परीक्षा मंडळ स्थापन झाले, तरी परदेशी पदवीधरांना दीर्घकाळ विद्यापीठातील सुमारे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातूनच जावे लागत होते. २०१० च्या सुमारास मंडळाने समकक्षतेची स्वतंत्र प्रक्रिया सुरू केली. प्रथम मूलभूत ज्ञानाची, मग वैद्यकीय निर्णयशक्तीची आणि त्यानंतर टायपोडॉन्टवरील हातकामाची परीक्षा, आणि या सर्वांत उत्तीर्ण झालेल्याला कॅनडात शिकलेल्या पदवीधरांबरोबरच अखेरच्या मंडळपरीक्षेला बसण्याचा अधिकार, अशी तिची रचना होती. हातकामाच्या टप्प्यावर फार जण अडकतात, आणि एकेका परीक्षेचे शुल्क नव्या स्थलांतरिताला जड जाते. तरीही विद्यापीठाच्या जागेची वाट बंद न करता तिच्या शेजारी परीक्षेची वाट उघडल्यामुळे, कोणती पत्करायची हे ठरवण्याची मोकळीक तेथील दंतवैद्याला राहिली आहे. टोरोंटो विद्यापीठ आजही काही महिन्यांच्या पूर्वतयारीनंतर परदेशी पदवीधरांना तिसऱ्या वर्षात प्रवेश देते, आणि त्याच शहरातील दुसरे दंतवैद्य दिवसा सहायकाची नोकरी करून रात्री टायपोडॉन्टवर हात बसवत समकक्षतेच्या परीक्षांची तयारी करतात.